उलुरूचं कल्चरल सेंटर, मारुकू आर्ट्स आणि माला वॉक: आधी हे करा, मग सनसेट

उलुरू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातला तो अवाढव्य लाल दगड, त्याच्या सनसेटचे फोटो कुणीही काढले तरी भारीच येतात आणि ढिगाने सगळीकडे पडलेत, त्यामुळे त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाहीये. मला लिहायचंय ते पार्कातल्या कल्चरल सेंटरबद्दल, तिथल्या मारुकू आर्ट्सच्या दुकानाबद्दल आणि रेंजरबरोबरच्या माला वॉकबद्दल (दगडाच्या पायथ्याची पायवाट), कारण बहुतेक टूरवाले ह्या तिन्ही गोष्टी "वेळ उरला तर बघू" ह्या खात्यात टाकतात आणि तो वेळ काही उरत नाही. आम्ही पहिल्यांदा ज्या बस टूरने गेलो (नाव नको, जाऊ दे) त्यांनी सेंटरला जेमतेम टॉयलेट ब्रेक म्हणावा एवढाच वेळ दिला, त्यात निम्मी मंडळी बाटल्या भरायच्या लायनीत, आणि गाईडचं एकच पालुपद, चला चला शॅम्पेन गरम होतेय. सासरे भडकले. दुसऱ्या दिवशी युलाराहून (पार्कबाहेरचं राहायचं गाव) गाडी भाड्याने घेतली आणि आमचे आम्ही निवांत गेलो. पार्कचा पास ३ दिवसांचा असतो, मोठ्यांना ३८ डॉलर आणि १८ च्या आतल्यांना फुकट, त्यामुळे परत जायला जास्तीचे पैसे पडत नाहीत, हे टूरवाले सांगत नाहीत म्हणून मी सांगते.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी पटकन. इथले मूळचे लोक म्हणजे आनंगू. २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारने ही जमीन त्यांना परत दिली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या लीजवर पार्कला दिली, म्हणजे आपण पाहुणे त्यांचे, सरकारचे नाही. दगडावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे, त्यामुळे "वरून व्ह्यू कसा दिसतो" वगैरे विचारू नका, आमच्या बसमध्ये एकाने विचारलंच.

कल्चरल सेंटर १९९५ चं आहे, मातीच्या विटांचं, वळणावळणाचं, कुनिया आणि लिरू ह्या दोन सापांच्या आकारावर बेतलेलं. मोबाईल आत गेल्या गेल्या खिशात टाकायचा, फोटोला बंदी आहे. आधी मला जरा वैताग आला पण खरं सांगते, त्यामुळेच लोक तिथे नीट वाचतात, नीट बघतात, मध्ये येऊन सेल्फी घेणारं कुणी नाही. एका ठिकाणी "सॉरी रॉक्स" बद्दल आहे, ते चुकवू नका. लोक इथून दगड-माती खिशात घालून नेतात आणि मग वर्षांनी पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची पत्रं! काहींना वाटतं त्या दगडामुळे घरात साडेसाती लागली. ते कितपत खरं ते तुम्ही ठरवा, पण पार्कवाल्यांना ते पार्सल उघडून त्याचं करायचं काय हा खरा प्रश्न पडलेला असतो, कारण कुठला दगड कुठून उचलला ते कुणालाच माहीत नसतं.

आता मुख्य विषय, हत्यारं-अवजारं. मारुकूच्या दुकानात शिरलात की भिंतीला भाले, टेबलांवर लाकडी भांडी, आणि पाली-साप-घोरपडी मांडून ठेवलेल्या. लाकडाच्या ह्या सगळ्या वस्तूंना पुनू म्हणतात. मारुकू ही आनंगूंच्याच मालकीची संस्था आहे, नऊशेच्या आसपास कलाकार, वीसहून जास्त दूरदूरच्या वस्त्यांमधले, आणि संस्थेची माणसं गावोगाव गाडी घेऊन फिरून वस्तू विकत घेतात. सासरे रिटायर झाल्यापासून सुतारकामात बुडालेले, त्यामुळे ते आत गेले ते गेलेच, मला वाटलं आता ह्यांना बाहेर काढायला क्रेन लागणार.

त्यांनी पहिल्यांदा उचलली ती पिटी. लांबट, खोलगट लाकडी काठवट, बायका वापरायच्या. बी-बियाणं गोळा करायला, पाणी न्यायला, तान्हं बाळ ठेवायला, आणि पाखडायला सुद्धा. डोक्यावर घ्यायची तर खाली चुंबळ, तिला मांगुरी म्हणतात, केसांची, गवताची नाहीतर एमूच्या पिसांची केलेली. सासऱ्यांनी पिटी उलटी करून पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले हे वाकसाने तासलंय, बघ, एकेक घाव दिसतो. दुकानातल्या मुलीने सांगितलं की हल्ली कुऱ्हाड आणि कानस वापरतात पण जुन्या काळी लाकडी दांड्याच्या टोकाला धारदार दगड बसवून त्याने तासायचे. लाकूड बऱ्याचदा रिव्हर रेड गमचं, म्हणजे कोरड्या नद्यांच्या काठावर असतात ना ती पांढऱ्या खोडाची मोठी झाडं, त्यांच्या मुळांचं नाहीतर गाठीचं. मूळ आधीच वाकडं असतं, त्या वाकड्यातच साप दिसतो, कलाकार फक्त तो मोकळा करतो. हे वाक्य जरा ब्रोशरछाप वाटेल पण तिथला साप हातात घेऊन बघा, एकही वळण उगाच कोरलेलं नाही.

मग मिरू. हे बघायला मिळालं म्हणून मी हा एवढा लांबलचक रिव्ह्यू टाईप करत बसलेय असं समजा. मिरू म्हणजे भाला फेकायचा दांडा, पानाच्या आकाराचा, मधे किंचित खोलगट, मुल्गा नावाच्या झाडाच्या कठीण लाकडाचा. एका टोकाला छोटा आकडा, तो कांगारूच्या स्नायूच्या दोरीने बांधलेला, त्यात भाल्याचं बूड अडकवायचं आणि फेकायचं, म्हणजे हात तेवढा लांब होतो आणि भाला जोरात जातो. दुसऱ्या टोकाला, मुठीपाशी, काळ्या डिंकात बसवलेली दगडाची धारदार कपची. ती कशाला, तर मांस कापायला आणि लाकूड तासायला. मधला खोलगट भाग, त्यात गेरू कालवायचा, नाहीतर मिंगकुल्पा, म्हणजे रानतंबाखू, राखेत मळायचा. आणि मिरूची कडा वाळक्या चिरलेल्या ओंडक्यावर करवतीसारखी घासली की विस्तव! चिरेत कांगारूची वाळलेली लीद भरून ठेवायची, ती पेटते. ज्यांना मैलोन् मैल चालायचंय, आणि सामान वाहायला बैल नाही, घोडा नाही, ते एका अवजारात जेवढी कामं कोंबता येतील तेवढी कोंबणारच. सासरे मला हळूच म्हणाले, माझ्या पेटीत चाळीस हत्यारं आहेत गं, आणि ह्यांचं एकात भागतं.

भाला म्हणजे कुलाटा. तो लाकडाचा सोट नसतो, वेलीचा असतो, एक झुडपी वेल आहे तिच्या लांब फांद्या. वेल वाकडीतिकडी, म्हणून ओली असताना विस्तवावर शेकायची आणि दाबून दाबून सरळ करायची. पुढे मुल्गाचं पातं, जोडाला कांगारूचा स्नायू, तो आधी चावून मऊ करतात, ओला असताना गुंडाळतात, वाळला की आवळतो, वरून डिंक. ह्या डिंकाचं नाव किटी आणि तो येतो स्पिनिफेक्समधून, म्हणजे ते वाळवंटातलं टोचरं गवत. गवत झोडायचं, त्यातून राळेची भुकटी पडते, ती पिटीत पाखडून कचरा वेगळा करायचा, गरम करायची की काळा गोळा होतो. तापवला की मऊ, गार झाला की दगड. तुटलेली पिटी सांधायलाही हाच. मी कुलाटाच्या जोडावर नखाने दाबून बघितलं, (हो, विचारून), नख वाकलं पण तो तसूभर हलला नाही.

एक गोष्ट जी बऱ्याच जणांची निराशा करते: इथे परत येणारं बूमरँग नाही आणि डिजेरिडू (ते लांब नळीसारखं फुंकायचं वाद्य) पण नाही. डिजेरिडू लांब उत्तरेचं, आर्न्हेम लँडकडचं. इथे गाण्याबजावण्याला, म्हणजे इन्माला, टिपऱ्या वाजवतात आणि जमिनीवर ठेका धरतात. माझ्या समोर एका बाईने दुकानात डिजेरिडू मागितला, मिळाला नाही म्हणून तोंड वाकडं करून गेली. अहो पण शेकडो वेगवेगळे समाज आहेत ऑस्ट्रेलियात, प्रत्येकाची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, सगळीकडे सगळं कसं मिळेल? मला तर उलट ह्यामुळेच दुकानावर विश्वास बसला.

दुकानाच्या बाहेर सावलीत एक आजी बसल्या होत्या, पुढ्यात छोटा विस्तव, त्यात कुंपणाच्या तारेचे तुकडे लाल झालेले. एक तार फडक्यात धरून उचलायची, लाकडी पालीच्या पाठीवर टेकवायची, चर्र, धूर, एक काळी रेघ. तार गार झाली की परत विस्तवात, दुसरी उचलायची. ह्या जळक्या नक्षीला वाल्का म्हणतात. आजी वर बघत नव्हत्या, बोलत नव्हत्या, आजूबाजूला माणसं जमलीयत ह्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांचा कुत्रा मात्र प्रत्येकाचे बूट हुंगत होता. फोटो काढायचाच नाही, आणि माणसांचा तर विचारल्याशिवाय कुठेच नाही.

माला वॉकबद्दल. फुकट आहे, रेंजर घेऊन जातो, सकाळी असतो, वेळ सीझनप्रमाणे बदलते ती आधी चेक करा. जाऊन येऊन २ किमी, सपाट, व्हीलचेअरही जाते, सासऱ्यांच्या गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही. दगडाच्या पायथ्याला गुहा आहेत आणि प्रत्येक गुहा वेगळ्या कामाची: एक बायकांची, जिथे स्वयंपाक व्हायचा, एक म्हाताऱ्या पुरुषांची, एक वयात येणाऱ्या पोरांची, जिथे आजोबा लोक त्यांना शिकवायचे आणि शिकवता शिकवता भिंतीवर चित्रं काढायचे. ती चित्रं अजून आहेत, एकावर एक, जुन्यावर नवी. रेंजरने बायकांच्या गुहेपाशी धान्य दळायचा सपाट दगड आणि हातात धरायचा गोटा ह्याबद्दल सांगितलं, रानगवताचं बारीक बी गोळा करून, पाखडून, पाण्याबरोबर वाटून त्याची भाकरी निखाऱ्यात भाजायची. एका भाकरीला बी किती लागत असेल ह्याचा विचार करूनच माझे हात दुखले. आणि खायला फक्त शिकार असते असं जे आपल्या डोक्यात असतं ते काढून टाका, रोजचं पोट बायकांच्या खणायच्या काठीवर चालायचं. ती काठी म्हणजे वाना, टोक विस्तवावर कडक केलेलं, तिने झुडपाची मुळं उकरून माकू ही पांढरी अळी काढायची, मुल्गाखाली खोल खणून मधाच्या मुंग्या काढायच्या.

मालाची गोष्ट थोडक्यात: माला हे छोट्या वॉलबीचे (कांगारूसारखाच लहान प्राणी) पूर्वज, उत्तरेकडून आले, इथे त्यांचा इन्मा सुरू झाला. पश्चिमेकडून दोघे आमंत्रण घेऊन आले की आमच्या इन्माला चला. माला म्हणाले आमचा सुरू झालाय, मधे सोडता येत नाही. त्या अपमानाचा सूड म्हणून कुर्पनी नावाचा भयंकर कुत्रा पाठवला गेला, खंड्या पक्षिणीने ओरडून सावध केलं पण कुणी ऐकलं नाही. काही मेले, बाकीचे दक्षिणेला पळाले. आणि ही पूर्वजांची गोष्ट सांगता सांगता रेंजर म्हणतो की खरा माला प्राणी ह्या भागातून संपलाच होता, २००५ साली त्याला मांजर-कोल्हे येणार नाहीत अशा कुंपणात परत आणलं. पुढे गोष्ट आहे का विचारलं तर रेंजर सरळ म्हणाला, आहे, पण तुम्हाला सांगण्यापुरती एवढीच. ह्याला काही लोक नाराज होतात. पैसे भरलेत ना मग सगळं सांगा! मला ते आवडलं. आनंगूंच्या कायद्याला, म्हणजे चुकुर्पाला, कोण काय ऐकू शकतं ह्याचे नियम आहेत, पुरुषांच्या गोष्टी वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या, आणि पोरांनाही वयाप्रमाणे थोडं थोडं करत मिळतं. आपण तर चार तासांचे पाहुणे. वाटेत काही जागी फोटो नको अशा पाट्या आहेत त्याचं कारणही हेच, ती जागा जागेवर येऊनच बघायची, ती सुद्धा योग्य माणसाने. तसंच मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, फोटोही झाकतात, आणि त्याच नावाच्या जिवंत माणसाला मग कुनमानरा म्हणून हाक मारतात. सेंटरमध्ये एखादा फोटो झाकलेला दिसला तर उगाच वाकून बघू नका.

माला वॉक झाल्यावर गाडीने मुटिजुलूच्या पाणवठ्याकडे जा, कुनिया वॉक, तो १ किमीच आहे. मी जे आधी सेंटर आधी सेंटर म्हणून कोकलतेय ते ह्या जागेसाठी. कुनिया अजगरीणबाईच्या भाच्याला विषारी लिरूंनी भाले मारून मारलं, त्या भाल्यांच्या खुणा दगडावर आहेत. तिने जाब विचारला तर लिरू हसला. मग तिने काय उचललं? वाना! खणायची काठी. दोन घाव डोक्यात घातले, त्या दोन खोल भेगा तिथे दिसतात, त्याच्या हातून पडलेली ढालही दगडाच्या रूपात तिथेच आहे. ज्याने सकाळी दुकानात वाना हातात घेऊन तिचं वजन बघितलंय त्याला त्या भेगा वेगळ्या दिसतात, आणि ज्याने नाही घेतली त्याला नुसत्या भेगा दिसतात. आमच्या बसवाल्याने त्या आदल्या दिवशी दाखवल्या होत्या, मला आठवतही नव्हत्या.

मारुकूचं डॉट पेंटिंगचं वर्कशॉपही आम्ही केलं, युलारामध्ये. एक आनंगू मावशी शिकवतात, त्यांच्या भाषेत, शेजारी दुभाषी. आधी वाळूत बोटाने खुणा काढून दाखवतात. इंग्रजी यूसारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. बाई की पुरुष हे कसं कळणार? शेजारी काय आहे त्यावरून. पिटी आणि वाना असेल तर बाई, भाला-मिरू असेल तर पुरुष. एकात एक गोल म्हणजे पाणवठा नाहीतर वस्ती, बाणासारखे ठसे म्हणजे एमू. कॅनव्हासवर ॲक्रिलिकने काढायची ही पद्धत १९७१ च्या सुमाराला पापुन्या नावाच्या वस्तीत सुरू झाली, त्या मानाने कालची, पण वाळूतल्या खुणा फार फार जुन्या. माझं चित्र भयाण आलं, मावशींनी बघितलं, काहीतरी बोलल्या, दुभाषी हसला आणि भाषांतर केलं नाही. पैसे वसूल.

खरेदीबद्दल थोडं कडक बोलते. सिडनी-मेलबर्नच्या टुरिस्ट गल्ल्यांमधल्या दुकानांत ठिपकेवाली बूमरँगं, डिजेरिडू, फ्रिज मॅग्नेट असं जे विकतात त्यातलं बरंचसं बाहेरून बनवून आणलेलं असतं. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने बिरूबी आर्ट ह्या कंपनीला २३ लाख डॉलरचा दंड केला, माल इंडोनेशियात बनलेला आणि विकताना ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांनी केल्याचा आव. तिथल्या सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनच्या २०२२ च्या रिपोर्टनुसार तर असल्या स्मरणवस्तूंवर लोक जो पैसा घालवतात त्यातला निम्म्याहून जास्त नकली मालावर जातो. एका दुकानात मी विचारलं कुणी केलंय, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला "लोकल आर्टिस्ट", मी म्हटलं नाव? म्हणाला खूप आर्टिस्ट आहेत. बस, निघाले मी. मारुकूत प्रत्येक वस्तूबरोबर करणाऱ्याचं नाव आणि गाव मिळतं. महाग आहे का? मोठी पिटी आणि जुन्या कलाकारांचं काम खिशाला चांगलीच चाट मारतं. पण छोटी पाल किंवा इनिंटीच्या लाल बियांची माळ (बियांना भोकं तापलेल्या तारेनेच पाडतात) आवाक्यात आहे. आम्ही एक काटेरी सरडा घेतला, मागचा एक पाय बाकीच्यांपेक्षा आखूड, पाठीवरच्या जळक्या रेघा शेपटीकडे जाता जाता फिक्या होतात, तार गार होत गेली असणार. शेजारी चान्पीच्या (वाळवंटातल्या बायकांची विणकामाची संस्था) बायकांनी गवताच्या विणलेल्या टोपल्याही बघा, ते काम १९९५ पासून चालू आहे आणि रंग भन्नाट.

तक्रारी पण लिहिते नाहीतर म्हणाल जाहिरात केली. माश्या! जाळीची टोपी नेली नाहीत तर नाकात, डोळ्यात, तोंडात, बोलायची सोय नाही. उन्हाळ्यात जाऊच नका, मे ते सप्टेंबर बरा, रात्री मात्र गारठा मरणाचा. युलारात सगळंच महाग, राहणं-खाणं सगळं, दुसरं गावच नाही आसपास, ॲलिस स्प्रिंग्ज साडेचारशे किमीवर. आणि लहान मुलं असतील तर सेंटरमध्ये ती कंटाळतात, बटणं दाबायचं, स्क्रीन हलवायचं असं काही नाही, वाचायचं आणि ऐकायचं आहे. आमच्या सोबतच्या कुटुंबातला सहा वर्षांचा पोरगा सापाच्या आकाराच्या भिंतीवर हात फिरवत फिरवत तीन चकरा मारून मोकळा झाला आणि मग पाणी, भूक, शू ह्या क्रमाने सुरू. त्याला माला वॉकला मात्र मजा आली, गुहा म्हटल्यावर.

गाडी नसेल तर युलाराहून शटल आहे, आणि सेंटरपासून दगडापर्यंत लिरू वॉक म्हणून पायवाट आहे, एका बाजूने २ किमी, मुल्गाच्या झाडीतून, सकाळी सकाळी फार सुंदर. पाणी भरपूर घ्या. भाला विकत घ्यायचा मोह झाला तर (सासऱ्यांना झाला, आम्ही दुकानातच अर्धा तास वाद घातला) तो विमानात हातात धरून बसता येणार नाही हे उघड आहे, दुकानवाले पार्सलने पाठवतात, त्यांना विचारा. ऑस्ट्रेलियाबाहेर नेणार असाल तर लाकूड, बिया, पिसं ह्यांवर तुमच्या देशाचे कस्टमचे काय नियम आहेत ते घ्यायच्या आधी बघून घ्या आणि करणाऱ्याचं नाव लिहिलेला कागद टाकून देऊ नका.